रेंज पूर्ण, पण पान उघडेना : परिसरातील वाय-फायविषयी वाचकांचे प्रश्न

विद्यापीठ व महाविद्यालय परिसरातील वाय-फायविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. ही पत्रे विदर्भाच्या ग्रामीण भागातून आलेली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे काहींनी कळवली असली तरी ती छापलेली नाहीत. काही पत्रे लांब होती, त्यांतील प्रश्नापुरता भाग घेतला आहे.

प्रश्न : मी चांदूर बाजार तालुक्यातून रोज एसटीने विद्यापीठात येते. गावात मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर मिळते, त्यामुळे व्याख्यानांचे व्हिडिओ आणि संदर्भाच्या पीडीएफ फाइली मी ग्रंथालयात बसून डाउनलोड करून घेते. दुपारी मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी पान उघडत नाही. पहिल्या गाडीने लवकर आले तर मात्र तीच फाइल भराभर उतरते. विचारले असता ‘तुमचा मोबाइल जुना आहे’ एवढेच उत्तर मिळते. दोष नेमका कुठे आहे?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, अमरावती जिल्हा

उत्तर : मोबाइल जुना असण्याचा थोडाफार परिणाम होतो, परंतु तेवढ्यावर तुमची बोळवण करणे योग्य नाही. मोबाइलवरील काड्या एकच गोष्ट सांगतात : भिंतीला किंवा छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्राच्या, लहरी तुमच्यापर्यंत किती जोरकसपणे पोहोचत आहेत. त्या ॲक्सेस पॉइंटवर त्या क्षणी आणखी किती जण जोडलेले आहेत आणि तिथून पुढे विद्यापीठाची बाहेर जाणारी लाइन मोकळी आहे की तुंबलेली आहे, यांपैकी काहीही काड्यांवरून कळत नाही.

सकाळ आणि दुपार यांतील जो फरक तुम्ही टिपला आहे, तोच या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. एका ॲक्सेस पॉइंटला जोडलेली सर्व यंत्रे एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच वाटेवर, बोलतात आणि त्यांचा नियम शिस्तीच्या ग्रामसभेसारखा असतो : आधी दुसरे कोणी बोलत नाही ना हे ऐकायचे, मग आपण बोलायचे, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. चार-पाच मोबाइल असतील तर ही पद्धत उत्तम चालते, पण चाळीस-पन्नास झाले की बराचसा वेळ थांबण्यात आणि पुन्हा प्रयत्न करण्यातच जातो. त्यातही जो मोबाइल दूरच्या कोपऱ्यात आहे किंवा ज्याचे वाय-फाय जुन्या पिढीचे आहे, त्याला तेवढीच माहिती संथपणे पाठवावी लागते, म्हणून तो चॅनेलचा अधिक वेळ व्यापतो आणि जवळ बसलेल्या, नव्या मोबाइलच्या विद्यार्थ्यालाही ताटकळावे लागते. जुन्या मोबाइलविषयी तुम्हाला मिळालेले उत्तर इतक्यापुरतेच खरे आहे, आणि ते एकट्या तुम्हाला उद्देशून देण्यासारखे नाही.

दुसरी बाजू बाहेर जाणाऱ्या लाइनची. समजा, एखाद्या महाविद्यालयाकडे १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) लाइन आहे आणि दुपारच्या सुट्टीत २०० जण एकाच वेळी काही ना काही पाहत आहेत, तर कागदावरच्या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस येतो. हा आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये सांगितला जातो. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, म्हणून १०० एमबीच्या फाइलला दुपारी सुमारे २७ मिनिटे लागतील. सकाळी दहाच जण असतील तर तीच फाइल दीड मिनिटाच्या आत उतरेल. तुमचा अनुभव या गणिताशी जुळतो.

हवेत गर्दी आहे की लाइन तुंबली आहे, हे तुम्हाला स्वतःला तपासता येते. ज्या वेळी पान उघडत नाही, त्याच वेळी विद्यापीठाच्या परिसरातच ठेवलेले एखादे पान उघडून पाहावे. वाय-फायच्या लॉगिनचे पान बहुधा परिसरातील सर्व्हरवरूनच येते, आणि ग्रंथालयाची पुस्तकसूची आतल्या सर्व्हरवर असेल तर तीही चालेल. आतले पान चटकन उघडले आणि बाहेरचे उघडले नाही, तर अडचण लाइनची आहे, आणि जागा बदलून काहीही फरक पडणार नाही. आतले पानसुद्धा रखडले, तर अडचण त्या खोलीच्या हवेतील आहे आणि मग तुमच्या हातात थोडेफार आहे.

ते थोडेफार असे. वाय-फाय मुख्यतः लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते. त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर जातो आणि भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, परंतु त्यात एकमेकांना अडथळा न करणारी चॅनेले तीनच निघतात, १, ६ आणि ११. परिसरातील सारे ॲक्सेस पॉइंट, ब्लूटूथचे इअरफोन आणि विद्यार्थ्यांनी वाय-फायला कंटाळून सुरू केलेले मोबाइलचे हॉटस्पॉट अशा सगळ्यांना त्याच अरुंद पट्ट्यात जागा हवी असते. वाय-फाय चालत नाही म्हणून प्रत्येकाने हॉटस्पॉट लावावा आणि त्यामुळे वाय-फाय आणखी मंदावावे, हा प्रकार वसतिगृहांत अगदी सर्रास दिसतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, आणि २०१८ पासून तो आपल्या देशात इमारतीबाहेरही विनापरवाना वापरण्याची मुभा अधिक मोठ्या प्रमाणावर मिळाली आहे. मात्र जाड भिंत, लोखंडी कपाटांची रांग किंवा पावसात भिजलेले झाड आड आले की तो लवकर क्षीण होतो. म्हणून तुमच्या मोबाइलला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल आणि विद्यापीठाने दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली असतील तर ५ चे नाव निवडावे, आणि ज्या खोलीत ॲक्सेस पॉइंट प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो त्याच खोलीत बसावे. ग्रंथालयासमोरच्या कडुनिंबाखाली हवा छान लागते हे खरे, पण मोठी फाइल उतरवण्यासाठी ती जागा नाही. वसतिगृहाकडून किंवा कँटीनकडून चालत आल्यावर मोबाइल पुष्कळदा आधीच्याच, आता दूर राहिलेल्या ॲक्सेस पॉइंटला धरून बसतो. वाय-फाय एकदा बंद करून पुन्हा सुरू केले की तो जवळचा शोधतो.

गावी नेण्यासाठी साहित्य उतरवणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. व्हिडिओ शक्य तितक्या लहान आकारात घ्यावा, कारण फळ्यावरचे अक्षर वाचता येण्यासाठी सर्वोच्च दर्जाची गरज नसते. आणि डाउनलोड मध्येच तुटल्यास तिथूनच पुढे सुरू करणारे ॲप वापरावे, कारण संध्याकाळची गाडी तुमच्या फाइलसाठी थांबत नाही. तक्रार करायची झाल्यास ‘नेट चालत नाही’ असे न लिहिता तारीख, वेळ, खोली आणि आतले पान उघडले की नाही, एवढे लिहून संगणक केंद्राकडे द्यावे. अशा तक्रारीवर कोणाला तरी काहीतरी करावेच लागते.

प्रश्न : वाय-फाय जोडले जाते, पण लॉगिनचे पान येतच नाही. शिवाय एकदा नोंदणी करून घेतलेला माझा मोबाइल वसतिगृहातील नेटवर्क पुन्हा ‘अनोळखी’ ठरवते. कार्यालयात दर वेळी नवा अर्ज भरून घेतात.
— कृषी पदवीचा विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : लॉगिनचे पान दाखवण्यासाठी परिसरातील यंत्रणा तुमची पहिली विनंती मध्येच अडवून तुम्हाला आपल्या पानाकडे वळवते. हे वळवणे साध्या ‘एचटीटीपी’ पत्त्यांच्या बाबतीतच नीट जमते. आजकालची जवळपास सर्व संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ (मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत) वापरतात, आणि तिथे मध्येच कोणी अडवले तर ब्राउझर इशारा देऊन थांबतो. म्हणून मोबाइलचा डेटा तात्पुरता बंद करावा, वाय-फायच्या नावावर दाबून ‘साइन इन’ची सूचना येते का ते पाहावे, आणि न आल्यास ब्राउझरमध्ये लॉगिनच्या पानाचा पत्ता थेट लिहावा. तो पत्ता संगणक केंद्राने सूचनाफलकावर लावून ठेवायला हरकत नाही. जाहिराती रोखण्यासाठी तुम्ही मोबाइलमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी वेगळी सेवा) लावला असेल, तर तोही अशा वेळी आडवा येतो. लॉगिन होईपर्यंत तो ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावा. मोबाइलची तारीख व वेळ चुकीची असली तरी पान अडते.

दुसऱ्या तक्रारीचे कारण मोबाइलच्या आतच आहे. तुमच्या संस्थेने मोबाइलची नोंद त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे प्रत्येक यंत्राला असलेल्या ओळख क्रमांकावरून, केली आहे, आणि अँड्रॉइड १० पासून तसेच आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक ॲड्रेस न देता प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट ॲड्रेस तयार करून देतो. तुमच्यावर कोणी पाळत ठेवू नये यासाठी ती सोय आहे. ती सर्वत्र बंद करू नका. फक्त वसतिगृहाच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ या भागात जाऊन ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा आणि एकदाच नोंदणी करून घ्या. नवा अर्ज भरावा लागणार नाही.

प्रश्न : मी कास्तकार आहे. माझी मुलगी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. वाय-फाय देण्यासाठी तिच्याकडून मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्र घेतले. ती काय पाहते, कोणाशी बोलते, हे तिथल्या लोकांना दिसते काय? आणि तिच्या मैत्रिणी तिचाच पासवर्ड वापरतात, त्यात काही धोका आहे काय?
— एक पालक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु क्रमाने घेऊ.

ओळख का विचारतात, यामागे एक घटना आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही वेळ आधी धमकीचा जो ई-मेल पाठवला गेला, तो नवी मुंबईतील एका घरच्या, पासवर्ड न लावलेल्या वाय-फायवरून गेला होता. त्या घरात राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण तपास आधी त्याच्याच दारात पोहोचला. त्यानंतर २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्याच्या सूचना काढल्या. ओळखपत्राची प्रत किंवा मोबाइलवर पाठवलेला सांकेतिक क्रमांक, हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने संस्थांना आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी किमान १८० दिवस जपून ठेवण्याचे निर्देश दिले. तेव्हा मोबाइल क्रमांक घेणे गैर नाही. मात्र या कामासाठी आधारच हवे असा आग्रह कोणी धरत असेल, तर दुसरे ओळखपत्र चालेल काय, असे आपण विनासंकोच विचारावे.

काय दिसते, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. कोणत्या लॉगिनने, केव्हा, किती डेटा वापरला आणि साधारणपणे कोणत्या संकेतस्थळाकडे विनंत्या गेल्या, एवढे संस्थेच्या यंत्रणेला दिसू शकते. त्या संकेतस्थळावर आपली मुलगी काय वाचते, कोणता अर्ज भरते, बँकेचा पासवर्ड काय टाकते, हे ‘एचटीटीपीएस’मुळे दिसत नाही. व्हॉट्सॲपवरील बोलणे व संदेश तर पाठवणाऱ्याच्या मोबाइलपासून घेणाऱ्याच्या मोबाइलपर्यंत कुलूपबंद असतात, त्यामुळे मधल्या कोणालाही ते वाचता येत नाहीत.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या मुलीला आवर्जून सांगावा. नेट सुरू करण्यासाठी मोबाइलमध्ये एखादे ‘सीए सर्टिफिकेट’ (कोणत्या संकेतस्थळांना खरे मानायचे हे मोबाइलला सांगणारी फाइल) टाकायला सांगितले, तर आधी थांबून चौकशी करावी. अँड्रॉइडमध्ये ‘वाय-फाय सर्टिफिकेट’ आणि ‘सीए सर्टिफिकेट’ असे दोन वेगळे प्रकार दिसतात. पहिला प्रकार फक्त वाय-फाय खरे आहे की खोटे हे ओळखण्यासाठी असतो आणि तो निर्धोक आहे. दुसऱ्या प्रकारामुळे संस्थेच्या यंत्रणेला ब्राउझरमधील मजकूर मध्येच उघडून पाहता येण्याची शक्यता निर्माण होते. संस्थेच्या मालकीच्या संगणकावर तसे करणे एक वेळ समजण्यासारखे आहे, पण विद्यार्थिनीच्या स्वतःच्या मोबाइलवर तशी अट घालणे आम्हाला पटत नाही.

आता मैत्रिणींचा प्रश्न. वर सांगितलेल्या नोंदी मोबाइलवर नव्हे तर लॉगिनवर लिहिल्या जातात. मैत्रिणीने त्या लॉगिनवरून चोरीचा चित्रपट उतरवला, कोणाला त्रास देणारा संदेश पाठवला किंवा आणखी काही केले, तर नोंदीत नाव आपल्या मुलीचे येईल, आणि सहा महिन्यांनी ‘ती मी नव्हते’ हे सिद्ध करणे अवघड जाते. खोलीतील मैत्रिणीला नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही समजू शकतो. त्या मैत्रिणीला स्वतःचे लॉगिन का मिळाले नाही याची चौकशी दोघींनी मिळून कार्यालयात करावी, ते अधिक सरळ. बहुतेक ठिकाणी एका लॉगिनवर दोन किंवा तीनच यंत्रे चालतात, त्यामुळे पासवर्ड वाटल्यास परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी आपल्या मुलीचे स्वतःचेच लॉगिन बंद पडण्याचीही शक्यता असते. पासवर्ड आत्ताच बदलून घ्यावा, आणि तो ई-मेलच्या किंवा बँकेच्या पासवर्डसारखा नसावा.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील महाविद्यालयात शिकवतो आणि पीएच.डी.साठी नोंदणीकृत आहे. विद्यापीठाच्या वाय-फायवर जे शोधनिबंध पूर्ण उघडतात, तेच गावी आल्यावर पैसे मागतात. दर वेळी एवढ्या लांब जाणे शक्य नाही.
— सहायक प्राध्यापक

उत्तर : प्रकाशक आपल्याला ओळखत नाही, तो विद्यापीठाच्या आयपी ॲड्रेसला, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्याला, ओळखतो. परिसरातील वाय-फायवरून गेलेली विनंती विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलेली दिसते, म्हणून वर्गणीदाराला मिळणारी मुभा मिळते. घरच्या मोबाइल डेटावरून गेलेली विनंती कोणाही वाटसरूची ठरते. वेगाचा किंवा रेंजचा इथे संबंध नाही, त्यामुळे परिसरात बसूनही वाय-फाय सोडून मोबाइलचा डेटा वापरला तर हाच अनुभव येईल.

यावर मार्ग आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था चालवते. आपली संस्था तिच्यात सहभागी असेल, तर प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा पर्याय निवडून संस्थेचे नाव शोधायचे, म्हणजे आपल्याच संस्थेचे लॉगिनचे पान उघडते आणि तिथे ओळख पटली की गडचिरोलीतूनही निबंध उघडतो. त्यासाठीचे खाते बहुधा ग्रंथपालामार्फत काढून मिळते. ते वाय-फायच्या लॉगिनपेक्षा वेगळे असू शकते.

संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्रित वर्गणी भरणाऱ्या, केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असे तिचे स्वरूप आहे. तिचा समन्वयही इन्फ्लिबनेटकडेच आहे. परंतु ही योजना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. आपल्या भागातील बरीच महाविद्यालये खाजगी शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत, तेव्हा आपण शिकवता ते महाविद्यालय तिच्यात नसले, तरी नोंदणी असलेले राज्य विद्यापीठ तिच्यात असू शकते. प्रश्न दोन्ही ग्रंथपालांना स्वतंत्रपणे विचारावा, आणि खाते संशोधक विद्यार्थी म्हणून विद्यापीठाकडे मागावे. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ ही योजना आहे, तिच्यात प्रत्येक सदस्याला स्वतंत्र लॉगिन मिळते आणि ते कुठूनही चालते.

‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंध मात्र सर्वांना, कोणत्याही नेटवरून, विनामूल्य उघडतात. आपल्या विषयातील मराठी प्रबंधही तिथे पुष्कळ आहेत, आणि संशोधकांनी ते जितके पाहायला हवेत तितके पाहिले जात नाहीत, असे आमचे मत आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात प्रशासकीय इमारतीत इन्व्हर्टर आहे, तरीही वीज गेली की मुलींच्या वसतिगृहातील वाय-फाय बंद पडते. वसतिगृह मैदानापलीकडे आहे आणि तिथपर्यंत साधी नेटवर्कची केबल टाकली आहे. मागील पावसाळ्यात दोन्हीकडची यंत्रे एकदमच जळाली. उन्हाळ्यात नेट आपोआप बंद-चालू होते.
— प्राचार्य, भंडारा जिल्हा

उत्तर : छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला वीज बहुधा नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते आणि ती पुरवणारा स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारे यंत्र) वसतिगृहातील एखाद्या पेटीत असतो. कार्यालयातील इन्व्हर्टर त्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. या प्रकारच्या मूळ मानकानुसार केबलच्या एका टोकाला जास्तीत जास्त १५.४ वॅट दिले जातात, म्हणजे पाच-सहा ॲक्सेस पॉइंट आणि स्विच यांना शंभर-सव्वाशे वॅट पुरतात. त्या पेटीसाठी लहान इन्व्हर्टर वेगळा ठेवणे एवढाच उपाय आहे, आणि आपल्याकडच्या भारनियमनात ती चैन म्हणता येणार नाही.

केबलविषयी अधिक गांभीर्याने सांगावे लागेल. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. मैदानापलीकडचे अंतर त्याहून अधिक असेल तर नेट चालले तरी रडतखडत चालेल. त्याहून मोठा धोका विजांचा. दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार जवळपास वीज पडल्यास तो धक्का एका इमारतीतून दुसरीत नेते, आणि दोन्हीकडची यंत्रे एकाच वेळी जळाली हे त्याचेच लक्षण दिसते. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी, आणि तीही धातूचे कवच किंवा धातूची तार नसलेली. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. पुन्हा तांब्याची केबल टाकून तिला संरक्षक यंत्र बसवू, असा सल्ला कोणी दिला तर तो स्वस्त वाटेल, पण आम्ही तो स्वीकारणार नाही.

उन्हाळ्यातील बंद-चालू होण्याबाबत आधी पेटीची जागा पाहावी. इमारतीच्या आत लावायच्या बहुतेक यंत्रांना ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंतचेच तापमान चालते, आणि मे महिन्यात आपल्याकडे टिनाच्या छपराखाली, बंद पेटीत, त्याहून अधिक होणे सहज शक्य आहे. पेटी खालच्या मजल्यावरील जिन्याखालच्या थंड जागेत हलवावी आणि तिला हवा खेळती ठेवावी.

आपण पत्रात न विचारलेली एक गोष्ट : सोबत पाठवलेल्या नकाशात वाय-फायची आठ वेगवेगळी नावे दिसतात, कार्यालय, प्राध्यापक, पाहुणे, प्रत्येक विभाग अशी. प्रत्येक नाव प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवरून सेकंदाला सुमारे दहा वेळा संथ गतीने जाहीर होत राहते, आणि तेवढा चॅनेलचा वेळ कोणाच्याही कामी न येता जातो. तीन नावे पुरेशी आहेत. कोणाला किती मुभा द्यायची हे लॉगिनवरून ठरवता येते.

प्रश्न : पुढील महिन्यात दुसऱ्या राज्यातील विद्यापीठात कार्यशाळेसाठी जायचे आहे. तिथे ‘एज्युरोम’ आहे असे कळवले आहे. आमच्या संस्थेतही त्या नावाचे वाय-फाय दिसते, पण ते कधी कोणी वापरलेले नाही. तिथे गेल्यावर काय करावे?
— संशोधक विद्यार्थिनी, अकोला जिल्हा

उत्तर : तिथे गेल्यावर करण्यासारखे फारसे काही नाही. जे करायचे ते निघण्यापूर्वी करा. एज्युरोम ही युरोपात २००२-०३ च्या सुमारास सुरू झालेली आणि आता शंभराहून अधिक देशांत पसरलेली, आपल्या संस्थेच्याच लॉगिनने दुसऱ्या संस्थेत वाय-फाय वापरू देणारी व्यवस्था आहे. भारतात तिचे काम एर्नेट इंडिया ही शिक्षण व संशोधन संस्थांना नेटवर्क पुरवणारी संस्था पाहते. यजमान संस्थेत तुम्ही वाय-फाय जोडता, तेव्हा तुमची ओळख पटवण्याची विनंती तुमच्याच संस्थेच्या सर्व्हरकडे परत जाते, तिथून होकार आला की यजमान संस्था नेट देते. म्हणून लॉगिनमध्ये नुसते नाव चालत नाही, त्यापुढे ‘ॲट’चे चिन्ह आणि तुमच्या संस्थेचे डोमेन (इंटरनेटवरील नाव) लिहावे लागते. ते न लिहिल्यास विनंती कोणाकडे पाठवायची हेच यजमानाला कळत नाही. तुमच्या संस्थेत ते नाव दिसते याचा अर्थ संस्था सहभागी आहे, पण तुमचे खाते सुरू आहे की नाही हे संगणक केंद्रातून विचारून घ्या.

मोबाइलमध्ये ही सेटिंग हाताने भरण्याऐवजी ‘गेट-एज्युरोम’ हे ॲप वापरून भरावी. त्यात संस्थेचे नाव निवडले की सर्टिफिकेट आणि सर्व्हरचे डोमेन आपोआप बसते. ‘सर्टिफिकेट तपासू नका’ असा सल्ला मैत्रिणींकडून मिळेल. तो ऐकू नये, कारण ‘एज्युरोम’ याच नावाचे खोटे वाय-फाय रेल्वे स्टेशनवर बसून कोणीही तयार करू शकतो, आणि तपासणी बंद असलेला मोबाइल पाहताक्षणी आपले लॉगिन त्याच्याकडे पाठवण्याचा प्रयत्न करतो. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांनी तो पर्यायच काढून टाकला आहे, आणि हाताने सेटिंग भरणाऱ्यांची अडचण होते ती बहुतेक वेळा इथेच.

सेटिंग झाल्यावर आपल्याच परिसरातील एज्युरोमवर ते चालवून पाहावे. इथे चालले तर तिथेही जवळजवळ नक्की चालेल. इथे चालले आणि तिथे चालले नाही, तर यजमान संस्थेच्या लोकांना तुमचे खाते दिसत नाही, म्हणून दूरध्वनी आपल्याच संस्थेच्या संगणक केंद्राला करावा लागेल. तो क्रमांक आणि त्यांच्या कामाची वेळ निघण्यापूर्वी लिहून घ्या.